पावाच्या गाडीची पायरी

ओहायोतल्या आपल्या गराजात हॉलिस तीन वर्षं एका जुन्या व्हॅनशी झटत होता. एकेकाळी दारोदार पाव पोचवणारी, उभ्यानेच हाकायची ती गाडी. इंजिन नवं झालं, ब्रेक नवे झाले, वायरिंग नवं झालं. हॉलिस तेवढा जुना होत चालला होता.

रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पायरी करकरायची आणि कुणीतरी चढावं तशी गाडी त्या अंगाला बोटभर झुकायची. कुणी उतरल्याची करकर मात्र कधीच यायची नाही.

"स्प्रिंगचे पाटे म्हातारे झालेत, दुसरं काय!" तो बायकोला म्हणाला.

"आणि तू?" व्हर्ना फणकारली. "महिन्यात पट्टा आवळायला तीन नवी भोकं पाडलीस. विकून टाक ते धूड."

आज त्याने स्प्रिंगचे पाटेही नवे घातले. चारच्या सुमारास तो तपासायला चढला. दोनशे पौंडांचा गडी, पण गाडी तसूभरही झुकली नाही. आत जाऊन त्याने दोनदा उड्या मारल्या. काहीच नाही.

"कडक आहेत," तो पुटपुटला. उतरायचंही त्राण नव्हतं, म्हणून भिंतीला टेकून उभा राहिला.

तेवढ्यात पायरी करकरली. गाडी झुकली, चांगली चार बोटं, भरल्या अंगाचा माणूस चढावा तशी. पायरीवर कुणीच नव्हतं.

कॉफीचा मग घेऊन व्हर्ना गराजाच्या दारात उभी होती. तिने आत पाहिलंच नाही. पायरीकडे बघत ती मायेने म्हणाली, "सावकाश चढ, हॉलिस. किती दमलायस रे!"