उरलेली बटणं

"बाबा, एक बटण उघडं राहिलं. चूक."

इस्पितळातल्या खाटेवरून मुलीने कापडाचे तुकडे बापाकडे परत सरकवले. बाप शिंपी. रसायनशास्त्राशी त्याचा संबंध कपड्यांवरचे डाग काढण्यापुरता. पण दहावीची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती, आणि हाताला सुया टोचून टोचून मुलीला पेन धरवत नव्हतं. म्हणून त्याने तिचा धडा आपल्या पद्धतीने बेतून घेतला. धनप्रभार म्हणजे बटण, ऋणप्रभार म्हणजे काज. ॲल्युमिनिअमच्या तुकड्याला तीन बटणं, ऑक्सिजनच्या तुकड्याला दोन काजं. एकही बटण उघडं नको, एकही काज रिकामं नको. झालं सूत्र तयार! पोटॅशिअमला तर एकच बटण. सोपं काम म्हणून त्याचे त्याने ढीगभर तुकडे करून ठेवले होते.

"दोन ॲल्युमिनिअम, तीन ऑक्सिजन," त्याने लावून दाखवलं. "सहाला सहा. आता बोला, मास्तरीणबाई."

"बरोबर. आता मॅग्नेशिअम ऑक्साइड."

मॅग्नेशिअमला बटणं दोन, ऑक्सिजनला काजं दोन. शिंप्याने मघाचाच कित्ता गिरवला. इकडचा आकडा तिकडे, तिकडचा इकडे. दोन मॅग्नेशिअम, दोन ऑक्सिजन.

"दोन-दोन कशाला? एकाला एक पुरतं ना!"

"अगं, एक जोड जास्त शिवला तर बिघडलं कुठं?"

"पेपरात बिघडतं. जेवढ्यात भागतं तेवढंच घ्यायचं." ती हसली, आणि तेवढ्यानेच तिला धाप लागली.

तोही हसला. डॉक्टरांना त्यानेही हेच सांगितलं होतं. मला दोन किडन्या कशाला, एकीत भागेल, दुसरी पोरीला द्या. तिच्या आईची जुळली नव्हती. त्याचा रिपोर्ट आज येणार होता आणि सकाळपासून त्याचा सगळा जीव त्या कागदात अडकला होता.

डॉक्टरांनी दारातूनच खूण करून त्याला बाहेर बोलावलं.

"तुमचीही जुळत नाही," ते म्हणाले. "आणि डायलिसिसला आता शीरच मिळत नाहीये. पोटातून करून पाहिलं, तेही चाललं नाही. रक्तातलं पोटॅशिअम चढत चाललंय."

"चढलं की काय होतं?"

"हृदय थांबतं."

किती दिवस, एवढंच शिंप्याला विचारायचं होतं. पण त्याआधीच डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते पुढच्या खोलीकडे गेले.

तो परत येऊन स्टुलावर बसला.

"आला रिपोर्ट?"

"उद्या देतो म्हणाले."

लेकीशी तो पहिल्यांदाच खोटं बोलला. तिला ते कळलं की नाही, ते त्याला समजलं नाही. ती चादरीवर तुकडे मांडत होती.

"पोटॅशिअम क्लोराइड राहिलं, बाबा. पण पोटॅशिअम हे एवढं, आणि क्लोरीन दोनच. बाकीच्या बटणांनी काय करायचं?"

"काजं करतो ना. तू जरा डोळे मीट."

"एका बटणाला एकच हं. जास्त नको."

"एकच."

तिचा डोळा लागला. शिंप्याने पिशवी चाचपली. आत कात्री होती, कापडाची चिंधीसुद्धा नव्हती. त्याने अंगातल्या शर्टाचं खालचं टोक ओढून मांडीवर घेतलं आणि त्यात एक काज कापलं. मग त्याच्या शेजारी दुसरं. मग तिसरं.

चादरीवर पोटॅशिअम अजून बरंच होतं.