बदलीचा कागद

“मोठे सर, माझा कागद आला का हो?”

पंधरा वर्षांपूर्वीचा हा आवाज. पिकअप चिखलातून धापा टाकत वर चढायची, टपालाची पिशवी काखोटीला मारून इन्था सर उतरायचे, आणि ओसरीवरून लामदुआनबाई विचारायच्या. त्या विचारण्यात ओढ असायची, आणि कसलीशी भीतीही. सर मान हलवायचे. “नाही आला, बाई.”

त्यातलं एक ‘नाही’ खोटं होतं.

आज सर निवृत्त होत होते. दुपारच्या पिकअपनं नवे मुख्याध्यापक येणार, त्याच पिकअपनं सर खाली जाणार. डोंगरावरच्या या निवासी शाळेची रीतच होती ती. एक गाडी एका शिक्षकाला आणायची आणि दुसऱ्याला घेऊन जायची. नव्याचं नाव पोरांच्या तोंडात बसेपर्यंत त्याच्या बदलीचा कागद यायचा. कारेन आदिवासींच्या पाड्यांवरून आलेली ती पोरं मग कुणाला फारसा जीव लावेनाशी झाली. सगळे आले, सगळे गेले. राहिले दोघंच, सर आणि बाई.

सरांनी पत्र्याच्या पेटीच्या तळातून एक कागद काढला आणि खिशात ठेवला. घडीवर फाटलेला. लामदुआनबाईंची बदली, त्यांच्या गावी, फयावला. महिन्याभरात हजर न झाल्यास जागा दुसऱ्याला.

त्या वर्षी सातांतले चार शिक्षक गेले होते. वसतिगृहात साठ लहानगी, निम्मी तापानं निजलेली, आणि त्यांची बोली येणाऱ्या एकट्या बाई. आठवड्यानं देऊ कागद, असं सरांनी ठरवलं. आठवड्यानं दरड कोसळली. रस्ता मोकळा झाला तेव्हा मुदत उलटून गेली होती. आणि मिळालेली बदली सोडणाऱ्याचा अर्ज कचेरी पुन्हा वाचत नसे.

दोन वर्षांनी बाईंची आई गेली. बाई पोचल्या तेव्हा अस्थी गोळा करून झाल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी कागदाचं पुन्हा कधी विचारलं नाही.

अर्ज सरांनीही केला होता, बाईंच्या आधी. लाम्पांगला एक जण त्यांची वाट बघत होती. कचेरीचं उत्तर आलं नाही. मग तिची पत्रंही थांबली. तेव्हापासून रोज संध्याकाळी एकाच मेजाच्या दोन टोकांना सर आणि बाई जेवत. मिरचीची वाटी पुढं सरकवण्यापुरतं बोलणं. बाहेर धुकं, आत दोन ताटं.

“सर, हात पुढं करा,” स्वयंपाकघरातली नोयमावशी म्हणाली. “तीस वर्षं माझा भात खाल्लात. आज तरी बरा होता म्हणा.”

“बरा होता.”

“बघा! जाता जाता खोटं बोलायला लागले!”

पोरं खिदळली. मावशीनं रीतीप्रमाणे सरांच्या मनगटावर निरोपाचा पांढरा दोरा गुंडाळला आणि जाणाऱ्याच्या जिवाला हाक घातली,

“ये रे जिवा, ये रे जिवा,
ओढ्यापाशी थांबू नको,
पायरीवरती बसू नको,
धन्यासंगं चालू लाग,
मागं काही ठेवू नको.”

मग पोरं एकेक करून दोरे बांधू लागली. कोपरापर्यंत हात पांढरा झाला. बाई रांगेत सगळ्यात शेवटी उभ्या होत्या.

तेवढ्यात पिकअप आली. नवे मुख्याध्यापक उतरले. तरुण पोरगा, बूट चकचकीत. पहिलंच पाऊल घोट्यापर्यंत चिखलात गेलं.

“टपाल रोज येतं ना इथं?” त्यानं विचारलं.

“रोज?” मावशी म्हणाली. “अहो साहेब, रोज तर सूर्यसुद्धा येत नाही इथं. खाली जाऊन आणावं लागतं. मोठे सर आणायचे.”

“आणि ते आजारी पडले तर?”

“तर बाई. आता तुमचे बूट जाणार!”

नव्या साहेबांना जेवायला बसवायला मावशी आत घेऊन गेली. पोरंही मागोमाग गेली, नवं माणूस बघायला. ओसरीवर दोघंच उरली. बाईंनी दोरा उलगडला.

“थांबा, बाई,” सर म्हणाले. “आधी हे बघा.”

बाईंनी कागद उभ्या उभ्या वाचला. तारीख दोनदा वाचली.

“आई तेव्हा हिंडती-फिरती होती,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“अजून दोन वर्षं होती.”

“माफ करा असं म्हणत नाही मी. तेवढं तोंड नाही मला. पण हे तसंच खिशात घालून डोंगर उतरवेना. शिव्या द्या, थोबाडीत द्या. पण काहीतरी बोला.”

बाईंनी कागद पुन्हा घडीवर मिटला. खालून ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. “सर, चला की! घाटात धुकं दाटलं तर मी जबाबदार नाही हं!”

सर उठले, पेटी उचलली. तीन पायऱ्या उतरले. जन्मभर शांत राहिलेल्या त्या बाईंनी आज निदान रडावं, असं त्यांना वाटत होतं.

“मी बदली का मागितली, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत,” बाई मागून म्हणाल्या.

सर वळले. “आईसाठी. अर्जात लिहिलं होतं तुम्ही.”

“अर्जात काहीतरी लिहावंच लागतं.”

बाई दोन पायऱ्या खाली आल्या.

“तुमच्या तोंडाकडं बघवत नव्हतं मला, म्हणून मागितली. त्याच्या आदल्या वर्षी तुम्ही तापानं महिनाभर पडला होता. टपाल मी आणलं होतं. लाम्पांगच्या बदलीचा तुमचा कागद त्यातच होता, सर. मीच तो चुलीत घातला.”