शनिवारच्या आत

सुचित्राला सोमवारी ऑपरेशनसाठी परळच्या इस्पितळात दाखल व्हायचं होतं आणि तिच्या मालवणी मसाल्याची वेबसाइट तिला शनिवारच्या आत सुरू करायची होती.

"अगो, घरी परत आलीस की कर. मसाला काय पळून जातोय?" तिचा नवरा हितेंद्र म्हणाला.

"हंगाम पळून जातोय. तुम्ही बोलू नका, टाइप करा."

चार महिने रखडलेलं काम तिने चार दिवसांत उरकत आणलं. तिची ती जिद्द बघून हितेंद्रला धीर आला. एवढी उमेद असलेलं माणूस खडखडीत बरं होणारच, असं तो लालबागच्या त्यांच्या चाळीत ज्याला त्याला सांगत सुटला.

शुक्रवारी दुपारी फक्त एक व्हिडिओ राहिला होता, मसाला कसा करतात त्याचा. सुचित्राने मिरच्या आणि धणे पुढ्यात मांडले. वजनकाटा तिने कधी वापरलाच नव्हता. तिचं सगळं माप मुठीचं. हितेंद्रने मोबाइलचा कॅमेरा तिच्या हातांवर धरला.

"माझे हात नकोत," ती म्हणाली.

"म्हणजे? मसाला तुझा आणि हात काय शेजारणीचे दाखवू?"

ती हसली नाही. तिने मोबाइल त्याच्याकडून काढून घेतला आणि धण्यांची परात त्याच्यापुढे सरकवली.

"माझ्या पाच मुठी लागतात. तुमची मूठ मोठी, तुमच्या चार पुरतील. घाला बघू. चुकलात तर आत्ता सांगता येईल मला."