सैल वायर

सून उठली नाही.

सासूबाई खोलीत आल्या, घसा खाकरला, हातातलं पाण्याचं भांडं टेबलावर आपटलं, तरी सून आपली खुर्चीतच. तोंड कॉम्प्युटरकडे, पाठ सासूकडे. थोरलं माणूस आलं की धाकट्याने उठायचं, एवढी एकच गोष्ट सासूबाईंनी तिला पहिल्या दिवशी सांगितली होती. बाकीच्या नंतर सांगितल्या.

"पाय मोडले का गं? की खुर्चीलाच टाके घालून घेतलेस?"

"उठता येत नाही, आई."

"का? राणीसाहेब झालात?"

"वायर सैल आहे. हात काढला की सुटते."

सासूबाई पुढे झाल्या. कॉम्प्युटरला लावलेल्या वायरचं दुसरं टोक साबणाच्या वडीएवढ्या एका काळ्या डबीत गेलं होतं. डबीवर निळा दिवा लुकलुकत होता. सुनेने वायर कॉम्प्युटरच्या खाचेत अंगठ्याने दाबून धरली होती. अंगठा पांढरा पडला होता. पडद्यावर एक हिरवी पट्टी निम्म्याच्या जरा पुढे येऊन गोगलगायीसारखी सरकत होती.

खोली रिकामी दिसत होती. भरतकामाचं मशीन सकाळीच टेम्पोतून गेलं होतं. फरशीवर त्याच्या पायांचे चार काळे डाग आणि तुटक्या दोऱ्यांचा पसारा, एवढंच मागे राहिलं होतं. मुलाने मशीन एका मोठ्या कारखानदाराला विकलं होतं आणि आता तो कारखानदार कॉम्प्युटर न्यायला यायचा होता. आतल्या डिझाइनांसकट, असं ठरलं होतं. कोणी ठरवलं, तर मुलाने. डिझाइनं काढली कोणी, तर सुनेने.

"काय भरतेस त्या डबीत?"

"माझी डिझाइनं."

"सगळी?"

"या घरात आल्यापासूनची सगळी. किडकं पानसुद्धा."

किडकं पान हे नाव सासूबाईंनीच ठेवलेलं. अळीने कुरतडल्यासारखं भोक असलेलं एक पान सुनेने काढलं, तेव्हा त्या पोट धरून हसल्या होत्या. म्हणाल्या होत्या, कापडाबरोबर कीड कोण विकत घेणार? पुढे गिऱ्हाइकं येऊन तेच मागू लागली. सासूबाई तोंड वाकडं करून कपाट उघडायच्या. पण त्या पानाचा हिरवा दोरा त्याच निवडायच्या, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

"आणि कॉम्प्युटरमध्ये काय राहणार?"

"काही नाही. कॉपी नाही करत, हलवतेय. तिकडे गेलं की इथून जातं."

"नवऱ्याला बोललीस?"

"बोलले होते. माझं काम विकू नका म्हटलं. तर म्हणाले, तुझं काय आहे त्यात? कॉम्प्युटर माझा, वीज माझी. कारखान्यात तुला रोजावर लावून देतो म्हणाले. हीच पानं काढायला."

सासूबाईंनी कोपऱ्यातलं लाकडी स्टूल ओढत नेलं, दाराच्या बरोबर मधोमध ठेवलं आणि बाहेर तोंड करून त्यावर बसल्या.

जिना वाजला. पुढे मुलगा, मागे कारखानदार.

"आई, बाजूला हो जरा."

"गुडघा धरलाय."

"हात दे, मी उठवतो."

"हात लावून तर बघ."

कारखानदार मागून गोड आवाजात म्हणाला, "मावशी, पाच मिनिटांचं काम आहे हो."

"मग पाच मिनिटं थांबा की. आणि मावशी कोणाला म्हणता? तुमच्या आईची नि माझी ओळखसुद्धा नाही."

मुलाने टाचा उंचावून आईच्या डोक्यावरून आत पाहिलं. काळी डबी दिसली, निळा दिवा दिसला. आधी त्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"आई, मी शब्द दिलाय यांना!"

"तुझा होता, दिलास. कॉम्प्युटरही तुझा, तोही दे. पडदा दे, बटणं दे, वायरी नीट गुंडाळून दे. तिच्या डोक्यातून निघालेलं कुठल्या टेम्पोत घालून देणार होतास?"

"डिझाइनं नसतील," कारखानदाराचा आवाज आता गोड नव्हता, "तर आपला व्यवहार..."

"नसतील," सासूबाई म्हणाल्या.

मुलाने स्टूल सरकवायला पाय लावला. सासूबाईंनी दोन्ही हातांनी चौकट धरली. स्टूल हललं, त्या हलल्या नाहीत. मग तो त्यांच्या डोक्यावरून ओरडला, "ऊठ! आधी ऊठ तिथून!"

मागे खुर्ची करकरली. सून उठत होती. त्या आवाजाला उठायची तिच्या अंगालाच सवय होती.

सासूबाईंनी वळूनही पाहिलं नाही.

"माझ्यासाठी उठली नाहीस," त्या कडाडल्या, "आणि याच्यासाठी उठतेस? बस खाली!"