पाळण्यामागची भिंत

टक, टक. प्लंबरनं बोटांनी न्हाणीघराची भिंत वाजवली आणि सकाळपासूनची शांतता मोडली.

"वहिनी, ही पोकळ आहे. गीझरचं ओझं पेलायची नाही."

गीझर बाळाच्या अंघोळीसाठी घेतला होता. बाळ दवाखान्यातच दगावलं, गीझरचं खोकं मात्र घरी येऊन पडलं.

"बाहेर खोलीतली ती पाळण्यामागची भिंत पक्की आहे. पाळणा तेवढा काढा, पाइप आत घेतो."

"आणखी थोडे दिवस थांबलं तर?"

"थांबून भिंत जाड होणार आहे का, वहिनी?" तो हसला. त्याला काय ठाऊक!

ती पाळण्याची दोरी सोडू लागली. गाठ तिनंच हौसेनं मारलेली, सुटता सुटेना.

लेक येऊन बिलगली. बाळ अजून दवाखान्यात आहे, एवढंच तिला सांगितलं होतं.

"आई, तिथं बाळाला गरम पाणी देतात का गं?"