जोखमीचा फॉर्म

"बाजार वीस टक्के पडला, तर काय करणार?" रामहरीने फॉर्मवरचा प्रश्न वाचला.

"अजून घेणार!" सोमेश्वरराव म्हणाले. "पडल्यावरच घ्यायचं असतं बे."

फॉर्म त्यांच्या बायकोच्या नावाचा होता. पैसेही तिचेच. परळीत एका ट्रस्टच्या दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स म्हणून राबून गंगासागर सिस्टर मागच्या महिन्यात निवृत्त झाल्या आणि पीएफचे नऊ लाख हातात आले. आजवरचा पगार नवऱ्याच्या कापडाच्या दुकानात जिरला होता. स्वतःच्या चपलांसाठीसुद्धा त्यांना त्या गल्ल्यासमोर उभं राहावं लागे. हे नऊ लाख मात्र आपल्या हातात राहतील, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

रामहरी म्युच्युअल फंडाची कामं करायचा; तिघं त्याच्याच ऑफिसात बसले होते. सुरुवातीला तो खरं तेच बोलला होता. "सिस्टर, बाजार सध्या लई महाग हाय. बरेचसे रोख्यांच्या फंडात ठेवू, थोडे शेअरच्या. वाढ कमी, पण झोप लागंल."

"झोपायला फंड लागतो व्हय?" सोमेश्वरराव हसले. "स्मॉल कॅप लिही, छोट्या कंपन्यांचा फंड. लोकांचे दुप्पट झालेत."

तेव्हापासून रामहरी ते सांगतील ते लिहीत होता. लहानपणी याच सिस्टरच्या हातून लस टोचून घेतलेला हा माणूस, पण आता त्यांच्याकडे मान वर करून बघायलाही तयार नाही. पैसे बाईचे असले तरी छाती नवऱ्याची मोजायची, ही आपल्याकडची नासकी खोड.

"किती वर्षं हात लावणार न्हाई पैशाला?"

"धा वर्षं," सोमेश्वरराव म्हणाले.

"अन् तवर मला काय लागलं तर?" सिस्टरनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"अगं, मी हाय की. लागलं तर माग."

सिस्टरचा चेहरा लाल झाला. त्या नवऱ्याकडे वळल्या.

"दुकान विकलं, त्याचे पैसे तुमी कुठं ठेवलेत?"

"आता त्याचं काय इथं?"

"सांगा की. रामहरीला बी कळू द्या."

"पोस्टात."

"सगळे?"

"सगळेच. म्हातारपणाचे पैसे हायत ते, त्याच्याशी खेळ करायचा का?"

"अन् माझं काय तरुणपण सुरू झालंय?"

सिस्टरनी टेबलावरचा फॉर्म ओढला, उभा फाडला, मग आडवा फाडला. एकतीस वर्षांचा राग त्या दोन्ही हातांत उतरला होता.

"परक्यासमोर तमाशा करतीस का?" सोमेश्वरराव तरातरा उठले आणि बाहेर गेले. लगेच स्कूटरचा हॉर्न वाजू लागला. सिस्टर जागच्या हलल्या नाहीत.

"दुसरा फॉर्म काढ," त्या म्हणाल्या. "अन् रामहरी, आता माझ्याकडं बघून विचार."

त्याने नवा फॉर्म काढला. हॉर्न वाजतच होता.

"सिस्टर, हे पैसे कशासाठी पायजेत?"

"कशासाठी पायजेत हे कुणाला सांगावं लागू नये, त्यासाठी. लिही."