घरचा थर्मास

ज्याला सल्ला द्यायचा त्याचा चहासुद्धा घ्यायचा नाही, हा संशोधक बाईंचा शिरस्ता. धर्मादाय संस्थेच्या अध्यक्षांनी कप पुढे केला, तेव्हा त्यांनी पिशवीतून आपला थर्मास काढून टेबलावर ठेवला. अध्यक्षांचा चेहरा उतरला.

दिवंगत पत्नीच्या नावाने गावोगाव बिनधुराच्या चुली वाटायच्या, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. चुलीपुढे खोकून खोकूनच ती गेली होती.

"चुली वाटू नका," बाई म्हणाल्या. "सरकारने ज्या घरांत वाटल्या, तिथे आम्ही वर्षभर धूर मोजला. तसूभरही कमी झाला नाही. नव्या चुलीवर मोठं पातेलं बसतच नाही, म्हणून बायका जुनीच पेटवतात."

"बाकीचे सगळे सल्लागार तर हो म्हणाले!"

"त्यांनी तुमचा चहा घेतला होता."

अध्यक्ष गोरेमोरे झाले. "सरकारलाही असंच तोंडावर सांगता?"

"मंत्र्यांकडेही थर्मास नेते."

"ऐकतात?"

"कधी कधी. गेल्या वर्षी त्यांनी चुली थांबवल्या आणि गॅस स्वस्त केला."

अध्यक्ष भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिले. "हिचं पातेलंही मोठंच होतं," ते हळूच म्हणाले. मग पाण्याचा पेला रिकामा करून त्यांनी बाईंपुढे धरला. "द्या घोटभर."

पहिल्याच घोटाला त्यांचं तोंड वाकडं झालं. "साखर नाही?"

"नाही."

तरी त्यांनी पेला संपवला.

"मंगळवारी पुन्हा या. शाळांमधल्या दवाखान्यांचं विचारायचंय. आणि थर्मास जरा मोठा आणा."